रेघ कुठे ओढायची

कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत, आणि त्याला कारण तिचा धाकटा दीर. तो सहवैमानिक म्हणून तिथेच लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात, विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत, भरल्या घोळक्यात त्याने तिला घरच्या सवयीने "वहिनी" अशी हाक मारली. इतकी वर्षं कॅप्टन म्हणून वावरलेली बाई दुपारपर्यंत सगळ्यांची वहिनी झाली. आधी तिला राग आला, मग तिने तो सोडून दिला. विमानाची वाट पाहत बसणाऱ्या माणसांना चघळायला काहीतरी लागतं, आणि टोपणनावाला पैसे पडत नाहीत.

दिराला घरात शेंड्या म्हणत. भावंडांतलं शेंडेफळ, म्हणून शेंड्या. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता आणि तिच्या वैमानिकी टोपीकडे टक लावून बघायचा. पुढे त्यानेही तोच रस्ता धरला. घरात तो तिला "अगं वहिनी" म्हणे, विमानात "कॅप्टन, तुम्ही". हा बदल तो कपडे बदलावेत इतक्या सहज करी.

कंपनी तशी लहान. तिची पंख्याची विमानं छोट्या गावांमधून माणसं उचलायची आणि मोठ्या विमानतळावर आणून सोडायची. तिथून पुढे मोठी कंपनी त्यांना नेई. विमानावर रंग मोठ्या कंपनीचा, तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, पगार तेवढा लहान कंपनीचा. तरुण मुलं इथे उड्डाणाचे तास जमवायला येत आणि जमले की मोठीकडे निघून जात. मागे राहत ते तिच्यासारखे, ज्यांचा संसार एका जागी रुजला होता आणि उपटून दुसरीकडे लावायचं वय निघून गेलं होतं.

वैमानिकांचा जुना करार कधीच संपला होता. नव्या कराराच्या वाटाघाटी इतक्या लांबल्या की त्यावरचे विनोदही शिळे झाले. वाटाघाटींच्या समितीत वहिनी होती, कारण बारीक अक्षरातली कलमं न कंटाळता वाचणं आणि आवाज न चढवता नाही म्हणणं, या दोन्ही गोष्टी तिला जमत. संघटनेचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले, अंगाने भरलेले, एक जुने कॅप्टन होते. समोर कंपनीकडून येणाऱ्या गृहस्थांना सगळे मऊसाहेब म्हणत. ते इतकं हळू बोलत की ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस भांडत नाही, हे त्यांना बहुधा ठाऊक असावं.

शेवटी मसुदा तयार झाला. कॅप्टनांना घसघशीत वाढ होती, सहवैमानिकांना बरी. छोट्या गावांतली केंद्रं बंद होणार नव्हती. त्याच्या बदल्यात कंपनीने एक कलम घातलं होतं, राखीव ड्यूटीचं.

राखीव ड्यूटी म्हणजे घरी बसून फोनची वाट पाहणं. कुणी आजारी पडलं, कुठे विमान अडकलं, की फोन येतो आणि ठरलेल्या मुदतीत विमानतळावर हजर व्हावं लागतं. आतापर्यंत ही मुदत ऐसपैस होती. नव्या मसुद्यात ती निम्म्याहून खाली आली होती. म्हणजे लांब राहणाऱ्याने विमानतळाजवळ बिऱ्हाड करायचं. जुन्या कॅप्टनांना ठरलेलं वेळापत्रक मिळे, राखीव ड्यूटी त्यांच्या वाट्याला क्वचित येई. ती यायची सहवैमानिकांच्या.

आणि शेंड्या लांब राहत होता. वडिलांजवळ, त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात, विमानतळापासून दोन तासांच्या रस्त्यावर. वहिनीचे सासरे, अण्णा, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले, आणि थोड्याच वर्षांत अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. सांभाळायला बाई यायची ती सकाळी उशिरा, जायची संध्याकाळी लवकर. उरलेला दिवस आणि सगळी रात्र शेंड्याची. त्याचं उड्डाण असेल त्या दिवशी शेजारच्या काकू लक्ष ठेवत. ही घडी राखीव ड्यूटीच्या जुन्या मुदतीवर बसलेली होती.

वहिनीला हे सगळं माहीत होतं. मसुद्यावर सही करताना सासऱ्यांचा पलंग तिच्या डोळ्यांसमोर आला. तो तिने बाजूला सारला. समिती सगळ्यांसाठी बसते. जो तो आपलं घर टेबलावर मांडायला लागला तर टेबल मोडेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. वाढलेला पगार तिलाही मिळणार होता, हेही खरं होतं. यातलं कोणतं खरं सहीच्या वेळी जास्त वजनाचं होतं, हे तिने तपासलं नाही.

घरी ती काही बोलली नाही. मसुदा सगळ्यांना वाचायला मिळाला तेव्हा शेंड्याने तो वाचला आणि भावाला फोन केला. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, स्वभावाने गरीब गाय. जेवताना त्याने एवढंच विचारलं, हे खरं का. ती हो म्हणाली. तो रागावला की आरडाओरडा करत नसे, अदबीने वागे. पुढचे काही दिवस तो तिला "जरा मीठ देता का?", "तुमचा चहा झाला का?" असं विचारत राहिला, आणि त्या "तुम्ही"ने घर गारठून गेलं.

मतदानाआधी सभा झाली. विमानतळाजवळच्या हॉटेलचा हॉल, भिंतीलगत रचून ठेवलेल्या जादा खुर्च्या, माईक मधूनच घरघरणारा. अध्यक्षांनी पगारवाढीवर भाषण केलं, पुढच्या रांगांतल्या कॅप्टनांनी टाळ्या वाजवल्या. मग कलमं समजावून सांगायला वहिनी उभी राहिली. राखीव ड्यूटीचं कलम तिने लपवलं नाही. हे दिलं म्हणून बाकीचं मिळालं, असं तिने सरळ सांगितलं.

मागून शेंड्या उठला. तो वडिलांबद्दल बोलेल असं तिला वाटलं होतं आणि त्यासाठी तिने मन घट्ट केलं होतं. तो त्यांच्याबद्दल अक्षर बोलला नाही.

"कॅप्टन, एकच प्रश्न आहे. तुमच्या समितीत सहवैमानिक किती होते?"

"एकही नाही," ती म्हणाली.

"आभारी आहे," म्हणून तो बसला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली ती सभा संपेपर्यंत थांबली नाही. अध्यक्ष तिला नंतर म्हणाले की दिराला घरीच गप्प बसवायला हवं होतं. घरात दिराचं तिच्याशी बोलणंच बंद आहे, हे तिने त्यांना सांगितलं नाही.

मतदान चालू असतानाच एका सकाळी दोघं एका विमानात आले. वेळापत्रक लावणारा माणूस सहसा त्यांना एकत्र टाकत नसे, पण तिचा नेहमीचा सहवैमानिक तापाने पडला आणि राखीवमध्ये शेंड्या होता. उड्डाणभर तो कामापुरतं बोलला. तपासणीची वाक्यं, उंची, वेग, वारा. त्याचं काम चोख होतं. अबोला धरलेला माणूसही इतकं नीट काम करतो याचं तिला बरं वाटलं आणि वाईटही.

जायचं होतं ते गाव धुक्यात बुडालेलं होतं. एकदा खाली जाऊन पाहिलं, धावपट्टी दिसली नाही, वर आले आणि दुसऱ्या एका आडगावच्या विमानतळावर उतरले. प्रवाशांना बसने पुढे पाठवलं. धुकं विरेपर्यंत दोघांना तिथेच थांबायचं होतं. प्रतीक्षागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, बिस्किटांचं यंत्र आणि फरशी पुसणारी एक बाई, एवढंच होतं. शेंड्याने बिस्किटांचा पुडा घेतला, फोडून दोघांच्या मधल्या खुर्चीवर ठेवला. तिने एक उचललं. तेवढ्याने अबोला सुटला म्हणायला हरकत नव्हती.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. अंगावर गणवेश होता, तरी तो घरचं बोलला.

"हो."

"सही करतानाही?"

"सही करतानाही."

"मग घरी का नाही बोललीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. समितीतली गोष्ट बाहेर सांगायची नसते, असा नियमही होता आणि तो पुढे करता आला असता.

"घरी बोलले असते तर सही करता आली नसती," ती म्हणाली.

"मग बोलायलाच हवं होतंस ना, वहिनी."

तो चिडून बोलला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. त्यानंतर तो वडिलांबद्दल बोलत राहिला, तक्रार म्हणून नाही, सहज. सकाळी त्यांना उठवून बसवताना डाव्या बगलेत हात घालावा लागतो, नाहीतर ते खाली सरकतात. दाढी करून घ्यायला आवडते, पण पाणी कोमट लागतं. बातम्या मोठ्याने लावतात आणि बातमीदारावर चिडतात. यातलं बरंचसं तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. धुकं विरल्यावर ते परतले.

करार पडला. थोडक्या मतांनी, पण पडला. अध्यक्षांनी आता तुमचं तुम्ही बघा म्हणून राजीनामा दिला आणि निवृत्तीपर्यंतचे दिवस कुणाशी न बोलता काढायचं ठरवलं. वहिनीनेही राजीनामा दिला होता, पण तो कुणी घेतला नाही. बारीक अक्षर वाचणारं दुसरं माणूस नव्हतं. समितीत एक सहवैमानिक घ्यायचा असं ठरलं आणि हात वर झाले ते शेंड्यासाठी. ज्याने दुखणं दाखवलं त्याच्याच गळ्यात औषधाची पिशवी.

दुसरी फेरी त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, लांब टेबलाच्या खोलीत सुरू झाली. शेंड्या पहिल्या दिवशी दात-ओठ खाऊन आला होता. मऊसाहेबांनी त्याचं मनापासून स्वागत केलं, खुर्ची ओढून दिली आणि मग त्यांच्या त्या हलक्या आवाजात एक साधी गोष्ट सांगितली. मुदत कमी करायची हौस त्यांना नव्हती. मोठ्या कंपनीने अट घातली होती की विमानं उशिरा सुटली तर मार्ग काढून घेऊन दुसऱ्या कुणाला देऊ. ती अट त्यांनी दाखवलीही. शेंड्याने ती पुन्हा पुन्हा वाचली. ज्याच्याशी भांडायला आलो तो मालक नाहीच, मधला माणूस आहे, हे कळल्यावर माणसाचे हात आपोआप सैल होतात. वहिनीला हे आधीपासून माहीत होतं. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

पण तो चिवट होता. सगळ्यांना एकदम घाईने बोलवायची वेळ येत नाही, हा मुद्दा त्याने सोडला नाही. राखीवमधल्या काहींना लहान मुदत द्या, बाकीच्यांना आदल्या दिवशी सांगा, असं तो म्हणत राहिला. मऊसाहेब दोनदा उठून फोन करून आले. शेवटी मान्य झालं: सेवेत जुने असतील त्यांना ऐसपैस मुदत, नवे असतील त्यांना कमी. त्यासाठी कॅप्टनांच्या वाढीतला एक तुकडा कापला जाणार होता. वहिनी हो म्हणाली. उरला प्रश्न ज्येष्ठतेच्या क्रमात रेघ कुठे ओढायची याचा.

मऊसाहेबांनी रेघ ओढली. शेंड्या तिच्याखाली आला, अगदी थोडक्यात. त्याच्या वर जे होते त्यांतले बरेचसे वर्षभरात मोठ्या कंपनीत जाणार होते. ज्यांना ती मुदत फारशी लागणार नव्हती त्यांना ती मिळाली.

चहाच्या सुट्टीत मऊसाहेब जिन्यापाशी शेंड्याला भेटले. त्यांना घरची गोष्ट कुठूनतरी कळलेली होती आणि त्यांचा चेहरा खरोखरच कळवळलेला होता. रेघ थोडी खाली नेता येईल, असं ते म्हणाले. चार-पाच जणांनी कंपनीचं काही अडत नाही. कागदावर कारणही लिहावं लागणार नाही.

शेंड्या वहिनीला शोधत आला. ती खिडकीपाशी कप धरून उभी होती. त्याने सगळं सांगितलं.

"घे," ती म्हणाली.

"अगं, रेघ माझ्याच पायापाशी येते."

"येऊ दे. तुझ्या मागे अण्णा आहेत. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. आधीच इतकं ऐकलंय, त्यात आणखी थोडं."

"लोकांचं नाही गं," तो म्हणाला. "माझ्या लगेच खाली जी मुलगी आहे ना, तिला जुळी आहेत. लहान आहेत अजून. तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. रेघ कुठेतरी ओढावीच लागते. कुणीतरी खाली राहणारच."

"हो, राहणारच," असं म्हणून तो आत गेला.

तिला त्याचा राग आला. पहिल्यांदा सगळ्यांसाठी म्हणून तिने घर बाजूला ठेवलं, तेव्हा चुकलं ते तिचं. आता तेच तो करतोय तर त्याला काय म्हणायचं? फरक एवढाच की तो आधी येऊन बोलला होता. फरक लहान नव्हता हे तिला कळत होतं, म्हणूनच राग जात नव्हता.

आत गेल्यावर शेंड्याने सांगितलं की रेघ आहे तिथे असू द्या, त्याऐवजी रेघेखालच्यांसाठी विमानतळाजवळ कंपनीने झोपायच्या खोल्या ठेवाव्यात. मऊसाहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खोल्या मान्य केल्या.

पुन्हा तोच हॉल, तोच घरघरणारा माईक. या वेळी कलमं सांगायला शेंड्या उभा राहिला आणि वहिनी मागच्या भिंतीपाशी बसली. ज्यांनी हात वर करून त्याला पाठवलं होतं तीच मुलं हाताची घडी घालून ऐकत होती. खोल्यांचं ऐकून कुणीतरी म्हणालं की संघर्ष करून शेवटी गादी-उशी मिळाली. हशा पिकला. मग एकाने विचारलं की त्याचा स्वतःचा नंबर रेघेच्या वर येतो का खाली.

"खाली," तो म्हणाला.

पुढे त्याला कुणी काही विचारलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. करार मंजूर झाला. खूप आनंदाने नाही, कंटाळ्याने म्हणता येईल अशा बहुमताने.

त्या रविवारी नवरा-बायको सासऱ्यांकडे गेले. वाटेत नवऱ्याने विचारलं, "तू बोलतेस की मी बोलू?" बऱ्याच आठवड्यांनी तो तिला "तू" म्हणाला. ती म्हणाली मीच बोलते. सासरे पलंगावर उशीला टेकून बसले होते, शेंड्याने नुकतीच दाढी केलेली होती. तिने त्यांना सुरुवातीपासून सांगितलं, पहिल्या सहीचंही. शेंड्याला आता राखीवच्या दिवसांत विमानतळाजवळच राहावं लागेल, तिचं वेळापत्रक ठरलेलं असतं, नवरा दुपारी घरी येतो, तेव्हा तुम्ही आमच्याकडे चला, असं म्हणाली.

सासऱ्यांची जीभ जड होती. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागे आणि मध्ये कुणी मदत केलेली खपत नसे. सगळे थांबून राहिले.

"मला... विचारून... केलंत का?" ते म्हणाले.

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "आता विचारतेय."

त्यांनी चांगल्या हाताने चादर सारखी केली. त्यांना ते घर सोडायचं नव्हतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. शेजारच्या काकू, खिडकीतून दिसणारा बसचा थांबा, ओळखीची भिंत. बराच वेळ गेल्यावर त्यांनी टीव्ही बरोबर येणार का, असं विचारलं. येणार, असं शेंड्याने सांगितलं. हो की नाही ते त्यांनी कधीच म्हटलं नाही. सामान बांधायला घेतलं तेव्हा फक्त अडवलं नाही.

नवऱ्याच्या वाचायच्या खोलीत पलंग लागला. पहिले काही दिवस वाईट गेले. सासरे जेवत नसत, वहिनीने बगलेत हात घालताना उजवी-डावी चुकवली आणि ते एकदा खाली सरकले. दोघंही फरशीवर बसून राहिले, नवरा शाळेतून येईपर्यंत. त्या वेळात ते तिच्याशी अडखळत, पण अगदी सविस्तर बोलले, बसच्या जुन्या मार्गाबद्दल. मग तिला जमायला लागलं. मूळची जागा ती जागाच, असं ते येईल त्याला सांगत, पण आता जेवत होते.

शेंड्या सुट्टीला येई, दाढी करून देई आणि बातमीदारावर त्यांच्या बरोबरीने चिडे. जुळ्यांची आई त्याच्याच शेजारच्या खोलीत राखीवचे दिवस काढते आणि फोनवरून पोरांना झोपवते, असं त्याने एकदा सांगितलं. मोठ्या कंपनीत अर्ज करणार का, असं वहिनीने विचारलं तर तो बघू म्हणाला. अर्ज त्याने केलेला होता, हे तिला पुढे कळलं. या वेळी तो न सांगता करून बसला होता.

सकाळचा चहा झाला की सासरे रोज तिला एकच विचारत, शब्द जुळवत, सावकाश.

"आज... बोलावलं का... त्याला?"

ती फोनवर शेंड्याचा निरोप पाहून सांगे. कधी बोलावलेलं असे, कधी नसे.